वाचकांचे प्रश्न : विमान, बर्फ आणि उष्णतेचा हिशेब

जेट विमानांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बर्फासंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी थंडीविषयी विचारले असले, तरी उत्तरे मुख्यतः पाण्याविषयी आहेत.

प्रश्न : मुंबईहून लंडनला जाताना आसनासमोरच्या पडद्यावर बाहेरचे तापमान उणे ५४ अंश सेल्सिअस दिसत होते. इतक्या थंडीत विमानावर बर्फाचा थर का चढत नाही? (एक वाचक, नाशिक)

थर चढण्यासाठी नुसती थंडी पुरत नाही. द्रवरूप पाणी लागते. दहा-बारा किलोमीटर उंचीवरची हवा अतिशय कोरडी असते आणि तेथे ढग असलाच, तर तो बहुधा बर्फाच्या सूक्ष्म, कोरड्या स्फटिकांचा असतो. हे स्फटिक थंडगार पंखावर आदळतात आणि चिकटून न राहता उडून जातात. त्यामुळे पडद्यावरचा आकडा जेव्हा सर्वाधिक धडकी भरवतो, तेव्हा पंखांच्या दृष्टीने प्रवासाचा सर्वांत निर्धोक टप्पा चालू असतो.

खरा धोका खालच्या ढगांत, साधारणपणे शून्य ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात असतो. ढगातला बारीक थेंब शून्य अंशाला गोठतोच असे नाही. दुधाला जसे विरजण लागते, तसा थेंबाला गोठण्यासाठी एखादा योग्य धूलिकण किंवा तयार स्फटिक लागतो, आणि तो मिळाला नाही तर थेंब उणे ४० अंशांच्या आसपासपर्यंतही द्रव राहू शकतो. अशा अतिशीत थेंबांच्या ढगात विमान शिरले, की पंखाची पुढची कडच थेंबाला गोठण्याचे निमित्त पुरवते. थेंब लहान आणि हवा फार थंड असेल, तर तो आदळल्या जागीच गोठतो आणि पांढरा, खरखरीत, आत हवा अडकलेला थर तयार होतो. तापमान शून्याच्या जवळ आणि थेंब मोठे असतील, तर पाण्याचा काही भाग मागे वाहत जाऊन मग गोठतो. हा बर्फ पारदर्शक, जड आणि घट्ट असतो, आणि कडेवर त्याचे शिंगांसारखे उंचवटे उभे राहून पंखावरचा हवेचा प्रवाह बिघडवतात.

वेगाचाही थोडा उपयोग होतो. कडेसमोर हवा थबकते, दाबली जाते आणि तापते. ध्वनीच्या ०.८ पट वेगाने उडणाऱ्या विमानाच्या कडेशी ही वाढ २८ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या उणे ५४ अंशांचे तेथे सुमारे उणे २६ झालेले असतात. उतरताना मात्र वेग कमी झाल्याने ही वाढ दहा अंशांच्या आसपास येते, आणि नेमके तेव्हाच विमान अतिशीत पाण्याच्या ढगांतून जात असते. धावपट्टी मोकळी होईपर्यंत त्याच उंचीवर घिरट्या घालाव्या लागल्या, तर थर वाढायला भरपूर वेळ मिळतो.

उपाय म्हणून बहुतेक जेट विमाने इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून, काढलेली तप्त हवा पंखाच्या पुढच्या कडेच्या आत सोडतात. तेथे कडेला समांतर, बारीक छिद्रांची एक नळी असते. तिच्यातून हवेचे झोत पत्र्याच्या आतल्या बाजूवर आदळतात आणि काम झाल्यावर ती हवा बाहेर पडते. ही हवा फुकटची नसते. तिच्यावर इंजिनाने ऊर्जा खर्च केलेली असते, त्यामुळे ती वळवली की इंजिनाचा जोर कमी होतो आणि इंधन जास्त लागते. म्हणून उष्णता कोठे द्यायची आणि कोठे नाही, याचा हिशेब आराखड्यातच केलेला असतो. एअरबस ए३२० विमानाच्या प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला पाच सरकत्या पट्ट्या, म्हणजे स्लॅट, असतात; त्यांपैकी बाहेरच्या तीनच तापवल्या जातात. मुळाकडचा पंख जाड असल्यामुळे हवेबरोबर पुष्कळसे थेंबही त्याला वळसा घालून जातात, तर टोकाकडची निमुळती कड थेंब अधिक प्रमाणात पकडते. शेपटीचे पंख तर ए३२० आणि बोईंग ७३७ या दोन्ही विमानांत अजिबात तापवले जात नाहीत; त्यांच्यावर बर्फ असतानाही विमान सुरक्षितपणे हाताळता येते, हे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी सिद्ध करावे लागते. बोईंग ७८७ मध्ये पंखासाठी तप्त हवेऐवजी विजेवर तापणारे थर बसवले आहेत. मात्र त्याच विमानाच्या इंजिनाचे तोंड आजही इंजिनाच्याच तप्त हवेने गरम ठेवले जाते.

काचा आणि संवेदक यांना वीज पुरते. कॉकपिटच्या काचेच्या थरांमध्ये विद्युतवाहक पापुद्रा असतो, आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या आतून तापवलेल्या असतात. तरीही रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात १ जून २००९ रोजी ए३३० विमानाच्या पिटो नळ्या बर्फाच्या स्फटिकांनी तात्पुरत्या बुजल्या. नळ्या जेमतेम मिनिटभरात मोकळ्या झाल्या, परंतु दरम्यान स्वयंचलित नियंत्रण सुटले, वैमानिकांच्या हाताळणीत विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांचे उचलून धरणारे बल एकाएकी घटले, आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. पंखाला न चिकटणारे स्फटिक तापलेल्या नळीत मात्र अडचण निर्माण करू शकतात. हाच मुद्दा पुढे इंजिनाच्या बाबतीत पुन्हा येईल.

प्रश्न : टोरांटोच्या विमानतळावर हिवाळ्यात उड्डाणापूर्वी विमानावर आधी नारिंगी आणि मग हिरवे द्रव फवारताना पाहतो. पंखांना तापवण्याची सोय असेल, तर हा खटाटोप कशासाठी? (एक मराठी वाचक, टोरांटो)

आपण पाहता त्या दोन फवारण्यांची कामे वेगळी आहेत. नारिंगी द्रव म्हणजे पहिल्या प्रकारचे, ग्लायकॉल आणि पाणी यांचे तप्त मिश्रण. ते नोझलशी ६० अंशांहून अधिक गरम ठेवतात आणि त्याने साचलेला बर्फ वितळवून धुऊन काढतात. ते पातळ असल्याने ओघळून जाते आणि त्याचे संरक्षण थोडा वेळच टिकते. हिरवे द्रव चौथ्या प्रकारचे असते. त्यात दाटपणा आणणारे घटक मिसळलेले असल्यामुळे ते पंखावर थर धरून राहते आणि पडणारा हिमवर्षाव स्वतःत विरघळवते. विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागले, की हवेच्या घर्षणाने ते पातळ होते आणि विमान जमीन सोडेपर्यंत बहुतेक सगळे मागे वाहून जाते. हा थर किती मिनिटे पुरेल, हे तापमान, हिमवर्षावाचा जोर आणि द्रवाची तीव्रता यांवरून तयार केलेल्या तक्त्यांत दिलेले असते. ती मुदत उलटली, तर पंख पुन्हा तपासावा किंवा फवारणी पुन्हा करावी लागते. आपल्या विमानतळावर यासाठी गेटपासून दूर, जगातले सर्वांत मोठे म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र केंद्र आहे, आणि तेथे ओघळलेले ग्लायकॉल गोळा करण्याचीही व्यवस्था आहे.

पंखाची तापवण्याची यंत्रणा जमिनीवर कामाची नाही. ती फक्त पुढच्या कडेपुरती असते, आणि हिम तर पंखाच्या संपूर्ण पाठीवर पडलेले असते. कडेवर वितळलेले पाणी मागे वाहून न तापवलेल्या भागावर पुन्हा गोठेल, हा एक धोका. आणि उष्णता वाहून नेणारा हवेचा प्रवाह नसल्याने पत्रा गरजेपेक्षा जास्त तापेल, हा दुसरा. म्हणून ए३२० मध्ये जमिनीवर पंख तापवण्याची कळ दाबली, तर झडपा चाचणीपुरत्या ३० सेकंदच उघडतात.

थोड्याशा खरखरीतपणाचा इतका बाऊ का, असे काही प्रवाशांना वाटते, विशेषतः उड्डाण चुकत असेल तेव्हा. मध्यम जाडीच्या सँडपेपरइतका खरखरीत हिमतुषारही पंखाला उचलून धरणारे बल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. आपल्याच ऑन्टॅरिओ प्रांतातील ड्रायडन येथे १० मार्च १९८९ रोजी फोकर एफ२८ जातीचे विमान पंखांवर हिम असतानाच निघाले, उंची घेऊ शकले नाही आणि झाडीत कोसळले. ६९ पैकी २४ जण दगावले. त्या विमानाचे सहायक ऊर्जायंत्र बंद पडलेले होते आणि ड्रायडनला इंजिन नव्याने सुरू करून देण्याची सोय नव्हती, त्यामुळे इंजिन बंद करता येत नव्हते; आणि चालू इंजिनांवर फवारणी करायला कंपनीची मनाई होती. न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांच्या आयोगाने या साखळीतली प्रत्येक कडी तपासली आणि एकट्या वैमानिकाला दोष देऊन विषय मिटवला नाही. अपघात-चौकशी कशी असावी, याचा तो अहवाल आजही चांगला नमुना आहे, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : जेट इंजिनाच्या आत १५०० अंशांच्या पुढचे तापमान असते, असे शिकवले जाते. मग त्याला बर्फाची भीती कशी? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पिंपरी-चिंचवड)

ते तापमान ज्वलनकक्षाचे आहे. इंजिनाच्या तोंडाला त्याची धगही पोहोचत नाही. तेथे बाहेरचीच हवा असते, आणि काही वेळा तर ती बाहेरपेक्षाही थंड होते. विमान उभे असताना किंवा हळू चालत असताना इंजिन हवा जोराने ओढून घेते, तोंडापाशी दाब कमी होतो आणि त्याबरोबर तापमानही उतरते. म्हणून बाहेर शून्याच्या वर तापमान असूनही आत बर्फ धरू शकतो. बोईंग ७३७ सारख्या विमानांत इंजिनाचे अँटी-आइस, म्हणजे बर्फ धरू न देणारी यंत्रणा, चालू करण्याची मर्यादा शून्य अंश नसून १० अंश आहे: तापमान १० अंश किंवा त्याहून कमी, आणि जोडीला ढग, पाऊस, हिम किंवा दृश्यमानता मैलभर वा त्याहून कमी करणारे धुके. उणे ४० अंशांपलीकडच्या हवेत चढताना किंवा सरळ उडताना मात्र ते चालू ठेवण्याची सक्ती नसते, कारण तेथे द्रव पाणी उरलेले नसते.

पंख आणि इंजिन यांच्या संरक्षणात एक महत्त्वाचा फरक आहे. पंखावर थोडा बर्फ साचू देऊन मग तो वितळवणे काही विमानांत मान्य असते. इंजिनाच्या तोंडाबाबत तशी सवलत नाही, कारण तेथून सुटलेला तुकडा थेट इंजिनातल्या फिरत्या पंख्यावर जातो. त्यामुळे कॉम्प्रेसरमधली तप्त हवा तोंडाच्या गोल ओठात आधीपासूनच खेळवली जाते. पंख्याच्या मध्यावरचा शंकू बऱ्याच इंजिनांत तापवलेला नसतो. त्याचा आकारच असा ठेवतात, की बर्फ फार वाढण्याआधी सुटावा. काही रोल्स-रॉईस इंजिनांत तर शंकूच्या टोकाला रबर बसवलेले असते, आणि त्याच्या थरथरण्यानेच बर्फ तडकतो. पंख्याच्या पात्यांवरचा बर्फ फिरण्याच्या जोरामुळे बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि त्यातला बराचसा इंजिनाच्या गाभ्यात न शिरता त्याच्या भोवतालच्या मार्गाने मागे निघून जातो. जमिनीवर गोठणाऱ्या धुक्यात बराच वेळ थांबावे लागले, तर वैमानिक ठरावीक अंतराने थोड्या वेळासाठी इंजिनाचा वेग वाढवून पाती मोकळी करतात. प्रवाशांना तेव्हा जाणवणारा आवाज आणि कंप हा बिघाड नसतो.

इंजिनाच्या अँटी-आइसची कळ बंद राहिली तर काय होते, हे १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये दिसले. एअर फ्लोरिडाच्या बोईंग ७३७ विमानावर फवारणी झाली होती, पण नंतर हिमवर्षावात रांगेत थांबण्यात सुमारे ४९ मिनिटे गेली आणि इंजिनाचे अँटी-आइस बंदच राहिले. इंजिनाचा जोर मोजण्यासाठी त्याच्या तोंडाशी एक दाबसंवेदक असतो. तो बर्फाने बुजला. परिणामी कॉकपिटमधल्या मापकावर दाबांचे २.०४ हे अपेक्षित गुणोत्तर दिसत असताना इंजिने प्रत्यक्षात साधारण १.७० इतकाच जोर देत होती. सहवैमानिकाला काहीतरी चुकते आहे असे जाणवत होते आणि त्याने ते बोलूनही दाखवले. पंखांवर हिम आणि इंजिनांत अपुरा जोर अशा अवस्थेत उठलेले विमान पूल ओलांडताना वाहनांवर आदळून पोटोमॅक नदीत पडले. पुलावरील चौघांसह ७८ जणांचा बळी गेला. इंजिने बंद पडली नव्हती. ती मागितले तेवढेच करत होती, फक्त मागणी खोट्या आकड्यावरून झाली होती.

बर्फ इंजिनाबाहेरूनही येऊ शकतो. उंचावरून आलेल्या विमानाच्या पंखातील टाकीत इंधन फार थंड झालेले असते आणि रात्रभर उभ्या विमानाच्या पंखाच्या पाठीवर त्यामुळे पारदर्शक बर्फ धरतो. ओल्या पत्र्याहून तो वेगळा ओळखणे कठीण असते. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून निघालेल्या एसएएस या स्कँडिनेव्हियन विमानकंपनीच्या एमडी-८१ विमानात, उड्डाणाच्या क्षणी पंख वाकताच हा बर्फ सुटला आणि शेपटीजवळच्या दोन्ही इंजिनांत गेला. दोन्ही निकामी झाली. विमान गोट्रोरा येथे शेतात उतरवावे लागले, त्याचे तुकडे झाले, परंतु १२९ पैकी एकही जण दगावला नाही. इंजिने पंखाखाली असती, तर बर्फ त्यांच्यात गेलाच नसता.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारा प्रकार मात्र अलीकडे उलगडला आहे. पूर्वी समजूत अशी, की कोरडे स्फटिक इंजिनाला निरुपद्रवी असतात. परंतु १९९० नंतर उंचावर, उष्ण कटिबंधातील मोठ्या गडगडाटी ढगांच्या माथ्याजवळ इंजिनांचा जोर एकाएकी घटण्याच्या शंभराहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यांचे मूळ स्फटिकांत सापडले. स्फटिक पंख्यातून सहज पार होऊन गाभ्यात शिरतात. तेथील कॉम्प्रेसरच्या गरम हवेत ते अर्धवट वितळतात आणि ओले झाल्यामुळे स्थिर पात्यांना चिकटतात. एकामागून एक येणारे स्फटिक वितळण्यासाठी त्या धातूतली उष्णता शोषून घेतात, धातू शून्याखाली जातो आणि गरम इंजिनाच्या आतच बर्फ वाढू लागतो. तो सुटला की पात्यांना इजा होते, प्रवाह उलटतो किंवा ज्वाला विझते. बारीक स्फटिक रडारवर नीट दिसत नाहीत, त्यामुळे वैमानिकाला अप्रत्यक्ष खुणांवर विसंबावे लागते: पावसाला शक्यच नाही अशा थंडीत काचेवर पावसासारखे काही दिसणे, किंवा तापमान-संवेदकाचा आकडा भलत्याच ठिकाणी शून्यावर येऊन अडकणे.

२०१३ साली जीई कंपनीची जीईएनएक्स इंजिने असलेल्या ७४७-८ आणि ७८७ विमानांत असे प्रसंग घडल्यावर, नोव्हेंबरमध्ये बोईंगने मोठ्या वादळी ढगांपासून ५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटर, दूर राहण्याची सूचना दिली. जपान एअरलाइन्सने टोकियो-दिल्ली आणि टोकियो-सिंगापूर या मार्गांवरून ७८७ काढून घेतले. पुढे आलेला उपाय मुख्यतः संगणक-आज्ञावलीचा होता: स्फटिकांची चाहूल लागताच कॉम्प्रेसरच्या झडपा उघडून ते बाहेर सोडून देणे. त्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँड येथील नासाच्या ग्लेन केंद्रात संपूर्ण इंजिनावर कृत्रिम स्फटिकांचा मारा करून हा प्रकार पहिल्यांदा चाचणीत घडवून पाहिला गेला.

प्रश्न : मुंबई-गोव्याच्या हवेत या यंत्रणा केवळ शोभेच्याच ना? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण पाच ते साडेपाच किलोमीटरवर असते, आणि मोसमी ढग त्याच्या कितीतरी वर जातात. त्यामुळे जुलै महिन्यात मुंबईला उतरणारे जेट विमान खाली घामाच्या धारा लागलेल्या असतानाही अतिशीत पाण्याच्या पट्ट्यातून येत असते आणि इंजिनाचे अँटी-आइस चालू असते. दिल्लीत तर जानेवारीच्या दाट धुक्यात, सहा-सात अंशांवर, ते जमिनीवरच चालू करावे लागते.

प्रश्न : एटीआर विमानाच्या पंखांच्या कडेला काळे रबर दिसते, जेटच्या नाही. असे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

एटीआरसारख्या विमानांत बाहेरचा पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या लहान इंजिनांकडे वळवण्याजोगी तप्त हवा मुबलक नसते. म्हणून रबरी पट्टीत ठरावीक वेळाने हवा भरून ती फुगवतात आणि साचलेला बर्फ फोडतात. पट्टीच्या मागे गोठलेल्या बर्फावर तिचा इलाज चालत नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियाना राज्यातील रोझलॉन येथे एटीआर-७२ विमान मोठ्या अतिशीत थेंबांत घिरट्या घालत होते. पट्टीमागे बर्फाचा कंगोरा तयार झाला, विमान एकाएकी उलटले आणि ६८ जण मृत्युमुखी पडले. तोपर्यंतचे प्रमाणपत्राचे नियम बारीक थेंबांचाच विचार करत होते. मोठ्या थेंबांचा समावेश करणारा अमेरिकी नियम यायला २०१४ उजाडले.

प्रश्न : टाकीतले इंधन गोठत नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि ते त्या मर्यादेच्या जवळ जाऊ लागले, तर वैमानिक उंची कमी करतो किंवा वेग वाढवतो. इंधनात विरघळलेले किंचित पाणी मात्र त्याआधीच वेगळे होऊन गोठते. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोईंग ७७७ विमानात असे कण दीर्घ प्रवासात इंधननळ्यांच्या आत साचत गेले. हीथ्रोसमोर शेवटच्या टप्प्यात जास्त जोर मागितला तेव्हा ते एकदम सुटले आणि इंजिनाच्या तेलाने इंधन गरम करणाऱ्या उष्णता-विनिमयकाच्या तोंडावर जाऊन बसले. दोन्ही इंजिनांचा जोर घटला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतात टेकले. १५२ पैकी सर्व जण वाचले. या रोल्स-रॉईस ट्रेंट इंजिनांतील विनिमयकाच्या नळ्यांची टोके तोंडाच्या पृष्ठभागातून किंचित बाहेर आलेली होती आणि त्यांच्यामध्ये बर्फ अडकत होता. नव्या रचनेत ती पृष्ठभागाच्या समपातळीत आणण्यात आली.